हवा भरली म्हणजे सायकल तयार झाली असे नाही

मा. संपादक,
स. न.

कोरोनाच्या टाळेबंदीनंतर ३ जून २०२० पासून प्रतिबंधित क्षेत्र वगळता पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत सायकल चालवायला परवानगी मिळाली. अडीच महिने दारे लावून बसलेल्या माणसांना उन्हाळ्याच्या शेवटच्या दिवसांत सकाळी रमतगमत फेरी मारता आली, याचा आम्हा सायकल दुरुस्त करणाऱ्यांना मनापासून आनंद झाला. काळजी वाटते ती जिन्याखाली उभ्या असलेल्या सायकलींची. टायर हाताला कडक लागला की लोक निघतात.

हवा उतरलेल्या टायरवर सायकल उभी राहिली की सगळा भार एकाच जागी येतो. टायर तिथे दुमडतो आणि बाजूला बारीक चिरा पडतात. चाक उचलून सावकाश फिरवा. चिरेतून आतला दोरा दिसला तर टायर बदलायलाच हवा. तसा नसेल तर आधी अर्धीच हवा भरा, टायर दोन्ही बाजूंनी दाबत जा आणि ट्यूब रिमखाली चावली गेली नाही ना, ते पाहा. मग उरलेली हवा. टायरवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, त्याच्या थोडे खालीच थांबा. हातपंप वापरा, पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर सायकलची ट्यूब क्षणात फुगवतो आणि जुना टायर तिथेच फाटतो. भरलेली सायकल रात्रभर ठेवा. सकाळी हवा गेली असेल तर पंक्चर शोधण्याआधी व्हॉल्व्हवर थुंकीचा थेंब लावा. बुडबुडा आला तर दोष बहुधा व्हॉल्व्हवरच्या रबरी नळीचा. ती उन्हाळ्यात वाळून चिरते आणि अगदी किरकोळ पैशांत बदलता येते.

ब्रेकचे रबर कडक होऊन चकाकू लागते. पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा, रिम कोरड्या फडक्याने पुसा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि हँडल यांत दोन बोटे जागा राहिली पाहिजे. आणि लिव्हर दाबून धरून तार जिथे आत शिरते तिथे नीट बघा. तारेचा पीळ पहिल्यांदा तिथेच गंजतो. केसासारखी एक जरी तार तुटून वर आलेली दिसली, तर पूर्ण वायर बदला. तशी वायर उतारावर, जोरात ब्रेक दाबल्यावरच तुटते.

चेन रॉकेलच्या फडक्याने पुसून प्रत्येक रोलरवर मशीन ऑइलचा एकच थेंब सोडा, दहा मिनिटांनी वरचे तेल पुसून काढा. खोबरेल किंवा गोडे तेल नको, त्याचा चिकटा होऊन धूळ बसते. कोरोनाकाळात निर्जंतुकीकरण म्हणून सायकलवर हायपोक्लोराइट हे जंतुनाशक फवारणारेही होते. कृपया तसे करू नका, त्याने स्पोक आणि चेन गंजतात. हँडलची मूठ साबणाच्या पाण्याने पुसली की पुरे.

पायांचेही सायकलसारखेच आहे. पहिल्या दिवशी वीस मिनिटे, सपाट रस्ता, बोलता येईल इतकाच वेग. धाप लागली तर बाजूला थांबा. घरून निघताना चढ आणि परतताना उतार येईल अशी वाट निवडा. पुण्यात कात्रजकडे राहणाऱ्यांनी स्वारगेटच्या दिशेने उतरायचा मोह टाळावा. जाताना पॅडल मारावे लागत नाही, परतीला मात्र चढच चढ आणि तोवर ऊन वर आलेले. सहाच्या सुमारास निघावे, अर्धा लिटर पाणी बरोबर घ्यावे. वादळाने पाडलेल्या फांद्यांचा पाला कडेला साचलेला असेल, तर त्यात काटे असतात. तेवढ्यापुरते कडा सोडून चालवा.

राहता राहिली दुकानांची गोष्ट. ५ जून २०२० पासून रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एक दिवस, समोरची दुसऱ्या दिवशी उघडत होती. बस बंद असताना कामावर जाणाऱ्या अनेकांचा भरवसा सायकलवरच होता. संध्याकाळी वायर तुटली आणि त्यांच्या भागातले दुकान दुसऱ्या दिवशी बंद असले, तर त्यांचा एक रोज बुडत असे. सायकल दुरुस्तीच्या दुकानांना, आणि पंप घेऊन झाडाखाली बसणाऱ्या कारागिरांनाही, दोन्ही दिवस काम करू द्यावे, अशी प्रशासनाला आमची तेव्हा विनंती होती.

– काही सायकल दुरुस्ती कारागीर, पुणे