वकीलताई, त्या एका तारखेसाठी आपले आभार

आदरणीय वकीलताई,

सादर नमस्कार.

या पत्रात मी आपले नाव लिहीत नाही. त्यावरून माझ्या भाच्याची ओळख लागू शकते, आणि गुन्ह्यात अडकलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची मनाई आहे, हे आपणच आम्हाला बजावले होते. तरीही पत्र जाहीरपणे लिहितो आहे, कारण ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने गाव सोडणारी आमच्यासारखी पुष्कळ कुटुंबे आहेत आणि अशा प्रकरणात मुलाचे वय आधी पाहायचे असते, हे त्यांना कोणीच सांगत नाही.

दुकान फोडल्याच्या गुन्ह्यात आमचा मुलगा पकडला गेला, तेव्हा कागदावर त्याचे वय १९ लिहिले गेले. तो अंगापिंडाने थोराड, ओठांवर मिसरूड फुटलेले, जवळ कसलाही दाखला नाही. आम्ही सगळे दूर कारखान्याच्या फडात होतो. १८ वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, त्याला २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते, हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि आम्हालाही. मोठ्या कैद्यांच्या बराकीत त्याने २३ दिवस काढले. त्या दिवसांबद्दल तो अजूनही बोलत नाही.

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातर्फे आपण कारागृहात आलात आणि गुन्ह्याचे काही न विचारता, ‘पहिलीत कोणत्या साली बसलास?’ असे त्याला विचारलेत. साल त्याला सांगता येईना. धाकटी बहीण जन्मली त्या पावसाळ्यात शाळेत घातले, एवढेच आठवले. तेवढ्यावर आपण मला बरोबर घेऊन मराठवाड्यातल्या आमच्या गावची जिल्हा परिषद शाळा गाठलीत. मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातून जनरल रजिस्टर काढले. पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या होत्या. आपण पट्टी ठेवून एकेक ओळ वाचत गेलात, नोंद सापडल्यावरही जन्मतारखेत खाडाखोड नाही ना हे उजेडात धरून पाहिलेत, आणि मग वहीत वजाबाकी मांडून मला दाखवलीत: घटनेच्या दिवशी १७ वर्षे २ महिने.

पुढे न्यायालयात वय ठरवण्यासाठी त्याच्या हाडांच्या तपासणीची मागणी झाली. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला, तो नसल्यास ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, हा क्रम आपण शांतपणे मांडलात. त्या दिवशी परतताना आपण पुण्यातल्या १९९४ सालच्या एका खून खटल्याबद्दल सांगितलेत. त्यात फाशीची शिक्षा झालेला माणूस गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या नोंदीवरून मान्य केले ते मार्च २०२३ मध्ये. तोवर त्याची २८ वर्षे तुरुंगात गेली होती. अल्पवयीन असल्याचा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो हे खरे, पण उशिराची किंमत कोण भरतो, हे मला त्या एस.टी.च्या प्रवासात कळले.

त्या चोरीत आमचा मुलगा होता, आणि ते लपवायला आपण कधीही सांगितले नाहीत. उलट, मंडळापुढे जे घडले ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावे, यासाठी आपण त्याला धीर दिलात. जामीन झाला, पुढे समुपदेशन, सामुदायिक सेवा आणि परिविक्षा अधिकाऱ्यांची देखरेख असा आदेश झाला. तो त्याने पूर्ण पाळला. मी फीचे विचारले तेव्हा, बालकाला मोफत वकील मिळणे हा १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, असे म्हणून आपण विषय संपवलात. गावापर्यंतच्या त्या खेपा मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेल्या नव्हत्या, ताई. त्यांच्यासाठी माझी बहीण आणि मी आपले ऋणी आहोत.

यंदा त्याला आयटीआयमध्ये वेल्डरच्या ट्रेडला प्रवेश मिळाला. आठवी पासच्या गुणपत्रिकेसोबत त्याने शाळेचा तोच दाखला जोडला, जो आपण मिळवून दिला होता.

आपला कृतज्ञ,
त्या मुलाचा मामा