द्विस्वभाव म्हणजे दुटप्पी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत राशींवर लेख आला होता, त्यात मिथुन, कन्या, धनु आणि मीन या चार राशींना सरळ "चंचल राशी" म्हटलंय आणि वर असंही लिहिलंय की या माणसांच्या शब्दावर फार विसंबू नये. ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय, पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या भाचीची रास मीन. मे महिन्यात तिला एक स्थळ आलं होतं, 26 गुण जुळत होते, मंडळी फोंड्याला आमच्या घरी येऊन गेली, फणसाचे गरे खाऊन गेली, मुलगा मुलगी अर्धा तास अंगणात बोलत बसली, सगळं ठरल्यातच जमा. आणि आठ दिवसांनी मध्यस्थाचा फोन, की रास द्विस्वभावी आहे ना, घरातली मोठी माणसं नको म्हणतात. बस एवढंच. तिने काही रडारड केली नाही, पत्रिकेची घडी परत होती तशी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आणि मला विचारलं, "मामा, द्विस्वभाव म्हणजे दुतोंडी काय?"

नाही. अजिबात नाही. आणि हे मला पेपरातच छापून यायला हवंय कारण गैरसमज पेपरातूनच पसरतोय.

बारा राशींचे तीन गट आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. मेष, कर्क, तूळ, मकर या चर, म्हणजे चालणाऱ्या. वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ या स्थिर. आणि उरलेल्या चार द्विस्वभाव, म्हणजे ज्यांच्यात थोडं चर आणि थोडं स्थिर असं दोन्ही आहे. झाला अर्थ. इथे स्वभाव म्हणजे राशीचा धर्म, माणसाचं मन नव्हे. क्रम बघा ना, मिथुनेच्या आधी वृषभ म्हणजे स्थिर, नंतर कर्क म्हणजे चर, म्हणून द्विस्वभाव राशीचा पहिला अर्धा भाग, 15 अंश, स्थिराकडे झुकतो आणि पुढचा चराकडे असं जुने ज्योतिषी धरतात. वराहमिहिरांनी बृहज्जातक या जुन्या ज्योतिषग्रंथात तर द्विस्वभाव न म्हणता "द्विदेह" म्हटलंय, दोन देहांची. मिथुन म्हणजे जोडपं, मीन म्हणजे दोन मासे, धनु अर्धा माणूस अर्धा घोडा (कन्येचं चित्र मात्र वेगळं, होडीत बसलेली मुलगी, हातात धान्य आणि अग्नी). टॉलेमी या जुन्या विद्वानाच्या ग्रीक ग्रंथातही याच चार राशींना दोन शरीरांच्या म्हटलंय. दुटप्पीपणा कुठून आला यात?

मला वाटतं घोळ भाषांतरात झालाय. इंग्रजी सदरांमध्ये या राशींना म्युटेबल म्हणतात, त्याचं कुणीतरी बदलणाऱ्या केलं, मग बदलणाऱ्याचं चंचल झालं, आणि चंचल माणसावर विश्वास कोण ठेवणार! खरं तर हे नाव ऋतूवरून आलंय. सूर्य सायन (म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या) मिथुनेत असतो साधारण 21 मे ते 21 जून, आणि आपल्या गोव्यात ते दिवस कसे असतात ते सांगायला नको, सुरुवातीला घामाच्या धारा, आमसुलं अजून अंगणात वाळत घातलेली, लाकडं आत घ्यायची धावपळ, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात कधीतरी पाऊस येऊन थडकतो. एक ऋतू संपतोय दुसरा उभा राहतोय, तो हा काळ. त्याला कुणी लबाड म्हणतं का?

अजून एक गोष्ट कुणी लक्षातच घेत नाही, या चारही राशींचे स्वामी फक्त दोन ग्रह, मिथुन कन्येचा बुध आणि धनु मीनेचा गुरु. एक बुद्धीचा एक ज्ञानाचा. ज्या राशीचा स्वामी गुरु तिच्या मुलीचा शब्द धरू नये म्हणे!

हा शब्द वापरायचा कुठे ते आमचे काका दाखवायचे. ते पंचांग बघायचे, लोक मुहूर्त विचारायला यायचे. गृहप्रवेश असला की स्थिर लग्न (लग्न म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास) शोधायचे, प्रवासाला निघायचं असलं की चर. एकदा चवथीच्या आदल्या दिवशी आजीची कुडी हरवली, माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची चौकट) बांधायची सोडून सगळं घर शोधत होतं. काकांनी प्रश्नकुंडली, म्हणजे प्रश्न विचारला त्या क्षणाची कुंडली मांडली, लग्न कन्या, म्हणाले द्विस्वभाव आहे, घरातही नाही आणि लांबही गेलेली नाही, आवारात बघा. मागीलदारी न्हाणीच्या पायरीशी पाचोळ्यात सापडली. कुणाला हा योगायोग वाटेल, वाटू दे, पण काकांनी त्या शब्दाचा अर्थ काय धरला ते बघा, दोन्हींच्या मधलं. आयुष्यभर पत्रिका बघितल्या त्यांनी पण द्विस्वभाव राशी म्हणून मुलगी नाकारा असं त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही, उलट एकट्या चंद्रराशीवरून (जन्मवेळी चंद्र असतो ती रास) माणूस ठरवणाऱ्यांवर ते चिडायचे, बाकी अकरा स्थानं आणि आठ ग्रह काय शोभेला आहेत काय म्हणून.

तर विनंती एवढीच, पुढच्या पुरवणीत या चार राशींना चंचल न म्हणता द्विस्वभाव म्हणा आणि सोबत त्याचा अर्थ दोन ओळींत द्या. चर राशींनाही चंचल म्हणू नका, चर म्हणजे चालणारी, पुढाकार घेणारी. आणि जमलं तर हे व्हडल्या दिवाळीच्या, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या आधी छापा. ते लागलं की घराघरांतून पत्रिका बाहेर निघतात, भाचीचीही निघेल.

आपला,
एक नियमित वाचक, फोंडा