पातळी मोजा, पण नमुना वेळेवर घ्या

संपादक महोदय,

एमआरएसए (अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस जिवाणू) याच्या संसर्गासाठी व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक देताना रक्तातली पातळी तपासतात, पण नमुना चुकीच्या वेळी घेतला तर त्या आकड्यावर डोस बदलणे धोक्याचे ठरते. दर १२ तासांनी डोस असेल आणि मूत्रपिंड ठीक असेल, तर चौथ्या डोसच्या आधीच्या अर्ध्या तासात रक्त घ्यावे. औषध चालू असलेल्या नळीतून मुळीच नको, दुसऱ्या हातातून घ्यावे. नळीत उरलेल्या औषधाने पातळी खोटी फुगते आणि गरज असताना डोस कमी होतो. चिठ्ठीवर डोस सुरू झाल्याची, संपल्याची आणि रक्त घेतल्याची खरी वेळ लिहावी, तक्त्यात छापलेली नव्हे.

गंभीर संसर्गात केवळ १५ ते २० मिलिग्रॅम प्रति लिटर या किमान (पुढच्या डोसच्या लगेच आधीच्या) पातळीमागे लागू नये, असे २०२०च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना सांगतात. २४ तासांचा एयूसी, म्हणजे दिवसभरात रक्तात राहिलेल्या औषधाचे एकूण माप, ४०० ते ६०० मिलिग्रॅम-तास प्रति लिटर हवा. त्यासाठी डोस संपल्यावर १ ते २ तासांनी एक आणि पुढच्या डोसआधी एक, असे दोन नमुने पुरतात. ६००च्या वर मूत्रपिंडाला इजा होण्याची शक्यता वाढते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) चढत असेल तर चौथ्या डोसची वाट पाहूच नये.

अहवाल दुसऱ्या दिवशी मिळाला तर तोवर आणखी दोन डोस गेलेले असतात. म्हणून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ही तपासणी त्याच दिवशी व्हावी.

– एक क्लिनिकल फार्मासिस्ट, पुणे