दुखण्याची गोळी

पुणे, रविवार रात्र

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

उद्यान एक्सप्रेस हलली आणि खिशातला कागद तुला द्यायचा राहूनच गेला. त्यावरचं इथे लिहितो. दुखण्याची गोळी घ्यायची नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, केमिस्ट हातावर ठेवील ती कुठलीही. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल सांगितलंय, दिवसाला २ ग्रॅमच्या आत, आणि तेही त्यांना विचारून.

ती गोळी मीच दिली होती. तुझी कंबर धरली होती, माझ्या गुडघ्यासाठी आणलेली गोळ्यांची पट्टी ड्रॉवरमध्ये होती. चार दिवस दिल्या. आजार तुझ्या लिव्हरचा, त्याचा किडनीशी काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्तातला आकडा, ०.७ वरून १.६ झालं तेव्हाही मी म्हणालो, एवढंसंच तर वाढलंय. डॉक्टर म्हणाले, "काका, अशा पेशंटचं ४८ तासांत ०.३ वाढलं तरी आम्ही हलतो. अंगावर मांस उरलं नसलं की हा आकडा मुळातच कमी दिसतो."

पर्वतीच्या जलकेंद्रावर माझी ३१ वर्षं गेली, म्हणून त्यांनी समजावलेलं मला पाण्याच्याच भाषेत कळलं. खडकवासला भरलेलं असतं, पण मधल्या वस्तीतले सगळे वॉल्व्ह उघडे राहिले की टोकाच्या नळाला प्रेशर नाही. तुझ्या पोटात पाणी, पायांवर सूज, आणि किडनीला वाटतं अंगात पाणीच नाही. मग ती आपल्या रक्तवाहिन्या आवळते, मीठपाणी धरून ठेवते. तरी थोडी धार चालू राहते ती शरीरातल्याच एका रसायनामुळे, आणि ही गोळी नेमकं तेच बंद पाडते. शेवटचा वॉल्व्ह मी फिरवला रे.

तू सात वर्षांचा असताना माझ्याबरोबर जलकेंद्रावर यायचास. टाकीची पातळी वाचून वहीत लिहायचास, आमच्या हेल्परपेक्षा नीट. आणि आजारपणात इंटरव्ह्यू देऊन बंगळूरची नोकरी मिळवलीस. शेजारच्या काकूंना मी तीनदा सांगितलं.

वजन रोज सकाळी लिही, तसंच वहीत. जुलाब-उलट्या झाल्या तर लघवीच्या गोळ्या रेटत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. त्या गोड पातळ औषधाने दिवसात दोन-तीनदा शौचाला होणं ठीक, सहा-सातदा झालं तर अंगातलं पाणीच जातं. लोणचं-पापड नको. ऑफिसात कुणी डोकेदुखीवर गोळी पुढे केली तर आधी नाव वाच.

पुन्हा तेच लिहिलं. वॉर्डात तू "बाबा, आता पुरे" म्हणालास आणि मी चिडून बाहेर गेलो. चूक माझी होती. अल्ब्युमिनच्या बाटल्या चढत होत्या, लघवी किती झाली ते नर्स मापाने सांगत होत्या, आणि मला बोलल्याशिवाय राहवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आकडा १.१ वर आला तेव्हा जिन्यात बसून रडलो. आईला माहीत नाही.

येत्या शुक्रवारी रक्त तपासायचंय. लॅब घराजवळचीच बघ, पण बघ.

ड्रॉवर मी रिकामा केलाय. आईने शेकायची रबरी पिशवी बॅगेत तळाशी ठेवलीय, निळ्या टॉवेलमध्ये गुंडाळून. कंबर दुखली तर ती घे. रात्री दुखली तर फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझा,
बाबा