आई-बाबा, घर एन-८ ला बघितलंय

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. न.

फोनवर बाबा वाक्य पुरं करू देत नाहीत, म्हणून लिहायले. तुम्ही अंबाजोगाईहून इकडं संभाजीनगरला राहायला यायचं, त्यासाठी घर ठरलं. सिडकोत, एन-८ सेक्टरला, रो-हाऊस. झोपायची खोली, स्वयंपाकघर, न्हाणी सगळं खालीच. डिपॉझिट भरलं, अकरा महिन्यांचा करार झाला, निम्मं भाडं दादा देणार. तुम्हाला विचारून करायला हवं होतं असं म्हणाल. विचारलं असतं तर दिवाळीनंतर बघू म्हणाला असता, मग संक्रांतीनंतर. बाबांना न्हाणीत चक्कर आली तेव्हा आई, तू त्यांना एकटीनं कसं बसवलंस ते मला शेजारच्या काकूंकडून कळलं. तू नाहीच सांगितलंस.

बाबांचा जीव गुलमंडीत आहे, मला माहीत आहे. एस. बी. कॉलेजात असतानाची औरंगपुऱ्यातली खोली, खडकेश्वराच्या देवळातली संध्याकाळ, महिन्याच्या सुरुवातीची इमरती, हे ऐकतच आम्ही वाढलो. म्हणून आधी तिकडेच गेले. राजाबाजाराच्या मागं एका वाड्याचा वरचा मजला रिकामा होता. घर गार, भिंती हातभर जाड, खाली उतरून चार पावलांवर संस्थान गणपती. पण बाबा, तो जिना! दोरी धरून चढायचा. गल्लीत रिक्षासुद्धा वळत नाही, रात्री-बेरात्री अ‍ॅम्ब्युलन्स कुठून आणायची? आणि तुमच्या वेळची माणसं तरी आता तिथं कुठं आहेत? कुणी ज्योतीनगरला, कुणी गारखेड्याला. खाली दुकानाचं गोडाऊन, वर कुलूप, असे कितीतरी वाडे दिसले. समर्थनगर तुम्हाला चाललं असतं, वरद गणेशाचं देऊळ पायी. तिथं जुने बंगले पाडून अपार्टमेंट झाल्यात आणि भाडं ऐकून मी एजंटालाच पाणी मागितलं.

मावशी पुंडलिकनगरसाठी हटून बसली होती. तिच्या गल्लीत २० बाय ३० चे गुंठेवारीचे प्लॉट, घराला घर चिकटलेलं, गाडी लावायची तर रस्त्यावरच. माणसं मात्र हाकेला धावून येणारी, त्यात वाद नाही. पण आई, मावशीच्या शेजारी राहिलीस तर तिच्या सुनेचे न्यायनिवाडे तूच करत बसशील. ते नको. (हे पत्र तिला वाचून दाखवू नको.)

आता तुम्ही दोघं मनात काय म्हणताय ते. लेक इथं असताना भाड्याचं घर कशाला? बाबा, तुम्हीच तर दोन दिवसांच्या वर माझ्याकडे टेकत नाही, तिसऱ्या दिवशी पिशवी भरून दारात उभे. आणि आमचं घर बीड बायपासला, पाचव्या मजल्यावर. लाइट गेली की लिफ्ट बंद. दूध आणायचं तरी बायपास ओलांडायचा, तिथं ट्रकांची रांग. सातारा-देवळाई २०१६ ला महापालिकेत आलं, तरी आमची सोसायटी उन्हाळ्यात टँकरवरच चालते. सासूबाईंचं म्हणणं होतं, एक खोली रिकामी करू. त्या मनापासूनच म्हणाल्या. पण तुम्ही त्या खोलीत पाहुण्यासारखे बसून राहिला असता, आणि ते मला बघवलं नसतं. एवढं लिहूनही मला बरं वाटत नाहीच, पण निर्णय बदलणार नाही.

एन-८ ची गोष्ट वेगळी आहे. सिडकोनं सत्तरच्या दशकापासून आखून वसवलेला हा भाग. घरं लहान, पण रस्ते सरळ, प्रत्येक सेक्टरला आपली दुकानं, आपलं मैदान. मूळ घरं दोन खोल्यांची. लोकांनी मागं-पुढं वाढवत नेली, त्यामुळं आता एकासारखं दुसरं नाही. आपल्या घराच्या मालकांनी पुढं ओटा केलाय, बाबांची खुर्ची मावेल एवढा. शेजारच्यांची भिंत सामाईक आहे, तुम्ही खोकलात तर पलीकडं कळेल. मला तेच हवंय. बॉटनिकल गार्डन चालत जाण्याजोगं, सकाळी म्हाताऱ्यांचा कट्टा भरलेलाच असतो. एमजीएमचा दवाखाना एन-६ ला, आणि औषधाचं दुकान कोपऱ्यावर. घर विकत घ्या म्हणू नका. सिडकोच्या लीजचे कागद आणि हस्तांतराचे हेलपाटे या वयात नकोत.

पाण्याचं खरं सांगते. जायकवाडी ५० किलोमीटरवर भरलेली असली तरी इथं नळ रोज येत नाही. अंगणात हौद आहे, वर टाकी आहे, दोन माणसांना पुरून उरेल. मोटार लावणारा माणूस लावून दिलाय. बाबांनी हौदात वाकून बघायचं नाही.

पेन्शनची काळजी नको. बाबांची हैदराबाद बँक २०१७ लाच स्टेट बँकेत गेली, इथल्या कुठल्याही शाखेत पैसे मिळतात. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला इथूनच देऊ.

आणि अंबाजोगाईचं घर तसंच राहणार आहे. विकणार नाही, भाड्यानं देणार नाही. मार्गशीर्षात योगेश्वरीच्या नवरात्राला मी स्वतः गाडीनं नेईन. बाबा, मुकुंदराजाच्या उतारावर तुम्ही मला सायकलवरून उतरवायचात आणि हात धरून चालवायचात, मी रडले तर खांद्यावर घ्यायचात. मला अजून त्या शर्टाला येणारा तंबाखूचा वास आठवतो. तंबाखू सुटली ना? खरं सांगा.

आता नीट ऐका. सगळी भांडी आणू नका. पाटा-वरवंटा इथं आहे, पितळी पातेली माळ्यावरच राहू देत, आणि माळ्यावर कुणीही चढायचं नाही, दादा येऊन बघेल. रिपोर्टांची फाइल आणि रक्तदाबाच्या गोळ्या आईच्या हातातल्या पिशवीत, सामानात नाही. आमटीचं येसर केलेलं असेल तर आण, इथलं मिळतं पण तसं नसतं. ज्वारीचं पोतं नको, मी शाळू भरून ठेवलाय. निघायच्या दिवशी उपास नाही, मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन निघायचं. तुळस मात्र कुंडीसकट आण, ओट्याच्या कडेला ऊन येतं.

हे रविवारी गाडी घेऊन येतील. बाबा, त्यांच्याशी बस आणि तिकीट यावरून वाद घालू नका, आणि घरमालकाला फोन करून भाडं कमी करायला सांगू नका. ते मी आधीच करून घेतलंय.

तुमची,
छकुली