पाय कोणी सोडले?

दादर,
मंगळवार रात्र

प्रिय मंजे,

बीपी ठीक, गुडघा ठीक. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तिला पंख्यावरची धूळही दिसते आणि ती मलाच दाखवते. आता मुद्द्याचं.

मी हँडस्टँड शिकतेय, हातांवर उलटं उभं राहायला. हसून घे.

शिवाजी पार्कजवळ संध्याकाळी मोठ्या माणसांची बॅच असते. शिकवणारी ताई वयानं आपल्या भाचीएवढी, मला काकू म्हणते आणि घाम काढते. पहिल्याच दिवशी विचारलं, बीपी? काचबिंदू? उलटं झालं की डोळ्यांतला दाब वाढतो म्हणे, म्हणून तेही तपासून आले. त्यानंतर बरेच दिवस उलटं व्हायचं नावच नाही! रांगत्या बाळाच्या पवित्र्यात मनगटं मोकळी करायची, बोटं आधी पुढे, मग गुडघ्यांकडे वळवून हळूच भार टाकायचा. दिवसभर माउस धरून मनगटाचं लाकूड झालंय हे तेव्हा कळलं. मग कोलांटी. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि गादीला टाळू नाही, खांद्यांची मागची बाजू टेकली पाहिजे. शाळेत आपल्याला सतरंजीवर सरळ टाळूवरून गडगडवायचे, आठवतं? माना शाबूत राहिल्या हेच नशीब.

आता भिंत. पोट भिंतीकडे, हात जमिनीवर, पाय एकेक करून वर चढवायचे. कोपरं ताठ, खांदे कानांशी, बोटं पसरलेली, कारण तोल जायला लागला की बोटांच्या टोकांनी जमीन दाबूनच सावरायचं असतं. आणि हात थरथरायच्या आत उतरायचं. एवढं मला जमतं. खोटं वाटत असेल तर व्हिडिओ पाठवते, फक्त टी-शर्ट कुठवर घसरलाय ते बघू नकोस.

घोडं अडलंय पडण्यात. पडता येत नाही तोवर ताई भिंत सोडू देत नाही. पाय पलीकडे झुकले की एक हात उचलून पुढे टाकायचा, कंबर वळवायची आणि एकेक पाय बाजूला उतरवायचा, अर्धं कार्टव्हीलच. ऐकायला सोपं आहे गं. माझा हात उचलतच नाही, घोरपडीसारखा चिकटून बसतो. कालही तेच. रवी म्हणतो, त्यापेक्षा शीर्षासन कर. त्याला कोण सांगणार, तिथे भार डोक्यामानेवर येतो, इथे डोकं अधांतरी! जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचं 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 0.150 गुणांनी कांस्य हुकलं, त्या रात्री फोनवर आपण दोघी तावातावानं तिच्या प्रोदुनोव्हा उडीवर बोलत होतो. ती बाई हवेत दोन कोलांट्या घेऊन पायांवर उतरायची, आणि मला एक हात उचलता येत नाही.

का ते तुलाच कळेल. शाळेचा हॉल, गॅदरिंगची तालीम, माझे घोटे तुझ्या हातात. ‘मी सोडले नाहीत, तूच झटकलेस’ हे तुझं पालुपद मला पाठ आहे. पाठीवर आपटले होते मी, तू नाही! ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, काकू, घोटे धरायचेच नसतात. बाजूला उभं राहून मांड्या धरायच्या, समोर उभं राहिलं तर लाथ तोंडावर येते. म्हणजे लाथेच्या भीतीनं सोडलेस, हे सिद्ध झालं. अपील चालणार नाही.

तुझ्या प्रमोशनचं कळलं, पेढे पोचले समजते. सासऱ्यांचा खोकला? मनूनं शेवटी कॉमर्सच घेतलं ना? कळव.

पुढच्या शनिवारी ताई भिंत सोडायला लावणार आहे. पंचवटी एक्सप्रेसनं ये. तुला धरू द्यायला ती तयार आहे, आधी स्वतः दाखवणार आहे म्हणे. उजव्या बाजूला उभी राहा, मांड्या धर, आणि नखं कापून ये.

तुझी,
सुमी