इन्चार्ज सिस्टरांना उघड पत्र

सिस्टर,

तुमची बदली झाली तेव्हा माझी नाइट होती, भेट राहून गेली. मोबाइलवर हात जोडलेलं चित्र पाठवून हे फिटणार नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आम्हीही शिकलो, एकेक शब्द दहा-दहा वेळा लिहून काढला. नर्सिंगच्या जीएनएम कोर्सची इंग्रजी पुस्तकं हातात पडल्यावर लातूरच्या एका ‘फाडफाड इंग्रजी’वाल्यांनी फी घेऊन शब्दार्थांची जाडजूड यादी दिली. तिच्यात ॲक्यूट म्हणजे तीव्र आणि स्टूल म्हणजे बसायचं. वॉर्डात स्टूल, म्हणजे शौच, तपासायला पाठवतात तेव्हा त्या यादीचं काय करायचं? विचारलं की सर म्हणायचे, ‘पाठ कर, कळंल आपोआप.’

तुम्ही थेट पेशंटकडं बोट केलंत. काल रात्री अचानक पोट दुखायला लागलेली पोरगी ॲक्यूट. वर्षानुवर्षं गुडघे धरून चालणारी आजी क्रॉनिक, मग आज तिचं दुखणं कमी असो की जास्त. ‘आता दोघींवर एकेक वाक्य लिही.’

हे शिकवणं झालं. मी विसरणार नाही ते दुसरंच. परळीकडच्या एक आजी म्हणाल्या, ‘माय, पाय लई ठणकायलाय.’ तुम्ही कोकणातल्या. अख्ख्या राउंडसमोर मला विचारलंत, ‘ठणकायलाय म्हणजे नेमकं कसं गं?’ मी सांगितलं, नाडी उडावी तसं आतून ठण ठण. तुम्ही स्वतःच्या वहीत ‘थ्रॉबिंग’पुढं माझा शब्द लिहून घेतलात. मग दुपारभर चमक निघते ते शूटिंग, आग होते ते बर्निंग, मुंग्या येतात ते टिंगलिंग, असं चाललं. तुमचा डबा तसाच राहिला. ज्या बोलीला हॉस्टेलात पोरी हसायच्या, ती इन्चार्जच्या वहीत गेली होती.

हुशार माणसं दवाखान्यात पुष्कळ भेटली. येत नाही ते हाताखालच्या पोरीला विचारणारी फार थोडी.

आता मी हिंगोली जिल्ह्यात आरोग्य केंद्रावर आहे. माझीही तशी वही बरीच वाढलीय. फक्त ‘जीव घाबरा व्हायलाय’पुढची जागा रिकामी आहे. कुणाला त्यात धडधड म्हणायची असते, कुणाला दम लागणं, कुणाला नुसती भीती. सध्या प्रत्येकाला उलटं विचारून घेते. एकच शब्द सापडला तर कळवा.

तुमची विद्यार्थिनी